अळंबीच्या पायाशी

डिनेटच्या माळावर पीटचा उघडा पडलेला काठ दिसला की माझी चाल आपोआप मंदावते. सोबतचे पुढे जातात, जाऊ देत. पायवाट रुंद करताना, हरणांच्या खुरांनी किंवा नुसत्या पावसाच्या माऱ्याने तिथे हेदरची मुळं उघडी पडलेली असतात आणि त्यांच्याखाली काळपट तपकिरी मातीचा वीतभर उंचीचा कडा तयार झालेला असतो. हेदर हे गुडघ्याएवढं, काटक, बारीक पानांचं झुडूप. ऑगस्टात स्कॉटलंडचे डोंगर जांभळे करतं ते हेच. मी मात्र थांबते ती त्याच्या सावलीतल्या, बोटाच्या दोन पेरांहून उंच नसलेल्या एका फिकट पिवळसर अळंबीसाठी.

ॲबरडीनहून डी नदीच्या काठाने पश्चिमेकडे निघालं की अबॉइन आणि बॅलटर या दोन गावांच्या मध्ये म्युअर ऑफ डिनेट लागतं. हिमयुग सरताना वितळत्या बर्फाने आणून टाकलेली वाळू आणि गोटे, त्यावर आम्ल मातीचा पातळ थर, त्यावर हेदर, बर्च आणि मधूनमधून पाइन, अशी तिथली मांडणी. शेतीच्या हिशेबाने ही जमीन निकसच. चुना जवळपास नाही, नायट्रोजन बेताचा, फॉस्फरस त्याहून बेताचा. पाण्याला मात्र तोटा नाही, आणि गार, आंबट मातीत ते पाणी साचून राहिलं की मेलेलं काहीच धड कुजत नाही. वर्षानुवर्षं साठत जाऊन त्याचं पीट होतं.

अशा मातीवर ही अळंबी उगवते. टोपी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची, मधोमध खळगा, कड किंचित लाटदार. टोपी इतकी पातळ की खालचे पापुद्रे उजेडात वरूनही रेघांसारखे दिसतात. हे पापुद्रे मोजके, एकमेकांपासून लांब, आणि दांड्यापाशी न थांबता त्याच्यावरून खाली उतरत गेलेले. एवढं पाहून बहुतेक लोक उठतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. पण दांडा जमिनीत शिरतो तिथे बघायला हवं. तिथलं पीट काळं असायला हवं, ते हिरवं दिसतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं की तो हिरवा लेप तुटतो आणि त्यातले कण सुटे दिसू लागतात: गोल, गच्च, खसखशीहून कितीतरी लहान, ओले असले की गडद हिरवे. प्रत्येक कणात कोकोमिक्सा नावाच्या एकपेशीय हिरव्या शैवालाच्या पेशी असतात आणि त्यांच्याभोवती बुरशीच्या पेशींचं, एकमेकींत अडकवून बसवलेलं कवच असतं. एका कणापासून दुसऱ्या कणापर्यंत बुरशीचे धागे पसरलेले असतात, आणि त्याच धाग्यांनी मिळून वर ही टोपी उभी केलेली असते.

लायकेनोम्फालिया अम्बेलिफेरा हे तिचं शास्त्रीय नाव. ती अळंबी आहे आणि ती दगडफूलही आहे. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांनी मिळून केलेला संसार, हे शाळेत आपण सगळ्यांनीच वाचलेलं असतं. जगात दगडफुलांच्या जवळपास वीस हजार जाती नोंदलेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्यांमधली बुरशी वेगळ्या कुळातली असते. ती आपले बीजाणू वाट्यांसारख्या किंवा ठिपक्यांसारख्या भागांत तयार करते. छत्री उभारणाऱ्या बुरशीच्या कुळातली, म्हणजे अळंब्यांच्या नात्यातली दगडफुलं एक टक्काही भरत नाहीत. त्या मूठभर जातींपैकी एक इथे, रोज शेकडो माणसं चालतात त्या वाटेच्या कडेला आहे.

माझी आत्या कराडहून इथे आली होती, तेव्हा तिला मी डिनेटला घेऊन गेले. सप्टेंबर सरत आला होता. वाटेत वाऱ्याने मोडून पडलेली बर्चची फांदी होती, तिच्यावर राखाडी झुलपं. आत्याने वाकून एक झुलूप तोडलं, दोन बोटांत चुरडलं, हुंगलं आणि म्हणाली, "अगं, हे तर दगडफूल! जरा वेगळं आहे, पण आहे त्यातलंच." तिचं बरोबर होतं. आपण गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूल पार्मोट्रेमा या कुळातलं, आणि ही झुलपं त्यांची लांबची भावंडं. वनस्पतिशास्त्र न शिकलेल्या माझ्या आत्याने तव्यावर परतलेल्या वासावरून ते नातं ओळखलं याचा मला अभिमान वाटला. मग तिला त्या काठापाशी नेलं. गुडघे दुखत असूनही ती खाली बसली, अळंबी पाहिली, आणि तिने विचारलं, "पण हिला इथे खायला काय मिळतं गं?"

मला हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आत्याने अळंब्या पाहिल्या त्या वारुळावर, कुजक्या ओंडक्यावर, उकिरड्यावर. अळंबी म्हटलं की तिला कुठलंतरी मेलेलं काही लागतं, हे तिला पक्कं माहीत. थोडं पुढे जाऊन सांगायचं तर अळंब्या दोन-तीन तऱ्हांनी पोट भरतात. काही कुजवून खातात. काही झाडांच्या मुळांशी सोयरीक करतात. बर्चखालची लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली अळंबी तशी, मुळांना पाणी-क्षार देते आणि बदल्यात झाडाने पानांत केलेली साखर घेते. काही सरळ दुसऱ्याच्या जिवावर उठतात. आमच्या या पिवळसर अळंबीने यांतलं काहीच केलेलं नाही. तिने झाड गाठायच्या ऐवजी झाडाचं काम करणारी एक पेशी गाठली, तिला कवचात बसवलं, आणि साखर घरातच तयार होईल अशी सोय केली. उजेड पडला की शैवाल साखर करतं आणि तिच्यातला मोठा वाटा बुरशीकडे झिरपतो. हे झिरपणं काही कल्पनेतलं नाही. १९६०च्या दशकात ब्रिटनमधल्या संशोधकांनी किरणोत्सारी कार्बन वापरून त्याचा माग काढला आणि कोकोमिक्सा बाळगणाऱ्या दुसऱ्या एका दगडफुलात शैवालाकडून बुरशीकडे जाणारा पदार्थ रायबिटॉल, म्हणजे साखरेच्याच नात्यातला, असल्याचं दाखवलं.

मी आत्याला सांगितलं, "ती स्वतःचं पिकवते आणि स्वतःच खाते." तिने त्या हिरव्या कणांवरून करंगळी फिरवली आणि म्हणाली, "मग ही टोपी कशाला? कशाला एवढा खर्च?"

बीजाणूंसाठी. टोपीत हिरवं काहीच नसतं. ती खालच्या हिरव्या थराने कमावलेल्या साखरेवर उभी राहते आणि तिचं काम एकच, पापुद्र्यांवर तयार झालेले बीजाणू वाऱ्यावर सोडणं. त्या बीजाणूंत शैवाल नसतं. म्हणजे टोपीतून निघालेली पुढची पिढी एकटी निघते. जिथे पडेल तिथे तिला कोकोमिक्साची पेशी भेटली तर संसार, नाही तर काही नाही. दुसरी वाट कणांची. एखादा हिरवा कण पावसाच्या थेंबाने उडाला, हरणाच्या खुराला किंवा माणसाच्या बुटाला चिकटला, तर बुरशी आणि शैवाल दोघंही एकत्र नव्या जागी पोहोचतात. कण जवळच्या जागा धरतात आणि बीजाणू लांबच्या. किती लांबच्या, ते योजेफ गेमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली डीएनएच्या आधाराने दाखवलं: या कुळातल्या उत्तरेकडच्या जाती ध्रुवाभोवतीच्या खंडांमध्ये पुन्हा पुन्हा ये-जा करत आल्या आहेत, आणि क्वचित विषुववृत्त ओलांडून दक्षिण गोलार्धातही गेल्या आहेत. अटलांटिक पार करून आलेल्या त्या धुळीएवढ्या बीजाणूला ओल्या पीटवर नेमकी ती हिरवी पेशी सापडते, हे मला कितीही वेळा वाचलं तरी थक्क करतं.

आता या जिवाच्या नावाची कथा. ती मी लांबवून सांगणार आहे, कारण इतकी वर्षं माणसांनी काय काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही हे तिच्यात आहे. स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली टोपी पाहिली आणि तिला अळंब्यांत घातलं. स्वीडनच्याच एरिक अकेरियस यांनी १८१० साली या कुळातल्या दुसऱ्या एका जातीचे पानांसारखे हिरवे खवले पाहिले, फक्त खवले, आणि त्यांना दगडफुलांत नाव दिलं. ती जात म्हणजे आजची लायकेनोम्फालिया हडसोनियाना; तिचा हिरवा भाग कणांचा नसतो, काही मिलिमीटरच्या गोलसर खवल्यांचा असतो, कडा फिकट आणि किंचित वर उचललेल्या. त्या खवल्यांचं पुढे कोरिसियम असं वेगळं कुळ झालं. हिरव्या कणांनाही एकोणिसाव्या शतकात बोट्रिडिना हे स्वतंत्र नाव मिळालं, तेही शैवाल म्हणून. तर अळंब्यांचे अभ्यासक वरचं पाहत होते, शैवालांचे अभ्यासक खालचं, आणि एकाच बोटभर जागेतल्या एकाच जिवाला दोन वेगळ्या कपाटांत दोन वेगळ्या नावांनी ठेवलेलं होतं. अळंबी उपटताना दांड्याला चिकटलेला चिखल झटकून टाकायची पद्धत असते. त्या चिखलातच उत्तर होतं.

याच काळात दगडफूल म्हणजे नेमकं काय यावर युरोपात कडाक्याचं भांडण पेटलेलं होतं. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेन्डेनर यांनी १८६७ साली जाहीर केलं की दगडफूल हा एक जीव नाहीच. ती बुरशी आहे आणि तिने शैवालाला धरून ठेवलं आहे. बुरशी मालक आणि शैवाल तिचे गुलाम, अशा शब्दांत त्यांनी ते मांडलं. त्या काळातले नावाजलेले दगडफूल-अभ्यासक चवताळले. पॅरिसमध्ये राहणारे फिनलंडचे विल्यम न्यूलांडर शेवटपर्यंत विरोधात राहिले. ब्रिटनमध्ये सगळ्यात मोठा आवाज होता रेव्हरंड जेम्स क्रॉम्बी यांचा. श्वेन्डेनरांच्या सिद्धान्ताची त्यांनी खिल्ली उडवली; बंदिवान शैवाल-कन्या आणि जुलमी बुरशी-धनी यांची ही प्रेमकथा विज्ञानात शोभत नाही, असा त्यांचा रोख होता.

क्रॉम्बी मला परके वाटत नाहीत. डिनेटहून याच डी नदीच्या काठाने वर गेलं की ब्रेमार लागतं, आणि ब्रेमारच्या भूगोलावर व निसर्गावर क्रॉम्बींनी १८६१ साली पुस्तक लिहिलं होतं. केर्नगॉर्मच्या या डोंगरांत त्यांनी दगडफुलं गोळा केली, नंतर ब्रिटनमधल्या दगडफुलांवर मोठा ग्रंथ रचला. या माळांवरचा ग्रॅनाइट आणि त्यावरची करडी, पिवळी, काळी नक्षी त्यांना घरच्या अंगणासारखी ओळखीची असणार. त्यांची चूक झाली हे खरं. पण ज्याने एखाद्या गोष्टीकडे आयुष्यभर मान खाली घालून पाहिलं, त्याला ती गोष्ट दोन तुकड्यांची आहे असं सांगितलं की राग यायचाच. तो राग मी समजू शकते. आणि त्यांच्या रागात एक खरी नस होती असं मला वाटतं. मालक आणि गुलाम ही मांडणी या जिवाला बसत नाही.

का बसत नाही, तर याच अळंब्यांवर झालेल्या कामामुळे. १९६२ साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचे हेल्मुट गाम्स यांनी बोट्रिडिना आणि कोरिसियम यांना अर्धी दगडफुलं म्हणत त्यांच्यावर लिहिलं, आणि त्या दशकात टोपी आणि हिरवा थर एकाच जिवाचे आहेत हे मान्य होत गेलं. मग फ्रान्स्वा लुत्झोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए वाचायला घेतला. २००२ साली शैवाल बाळगणाऱ्या या अळंब्यांना लायकेनोम्फालिया हे स्वतःचं कुळ मिळालं. शैवालाशिवाय जगणाऱ्या त्यांच्या जुन्या शेजारणी ओम्फालिना म्हणून मागे राहिल्या. त्याच संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे आली. शैवालाशी नातं जुळलेल्या या बुरशींच्या डीएनएमध्ये बदल फार वेगाने साठत गेले, आणि त्यांच्या कवचातलं कोकोमिक्सा मात्र त्यामानाने अगदी संथ. मी हे असं वाचते: नात्यासाठी बदलत राहिली ती बुरशी. कोकोमिक्सा प्रयोगशाळेत बुरशीशिवाय वाढवता येतं, त्याचे भाऊबंद माळावर आणि झाडांच्या सालींवर मोकळे राहतात. या अळंबीला मात्र शैवालाविना निसर्गात जागाच नाही. मालक म्हणायचंच झालं तर मी त्या हिरव्या पेशीला म्हणेन.

आम्ल जमिनीलाच ही जोडी का पकडून आहे, तेही पाहण्यासारखं आहे. सुपीक मातीत गवत दाट वाढतं, पानगळीच्या रानात पाचोळ्याचा थर साचतो. हे कण दोन्हीखाली झाकले जाऊन मरतील. त्यांना उघडी, ओली जागा हवी आणि आकाशाचा उजेड हवा. पीटचा तुटका काठ, जुन्या पाइनचा मऊ पडलेला बुंधा, मॉसची कुजलेली गादी, अशा जागा निकस जमिनीवरच टिकतात. खत नसणं हेच त्यांचं संरक्षण. आणि कोरडं पडलं तरी बिघडत नाही: हिरवं शैवाल असलेली दगडफुलं सुकून निपचित पडतात आणि पाऊस न पडताही नुसत्या दमट हवेवर पुन्हा कामाला लागतात. स्कॉटलंडमध्ये दमट हवेला काय तोटा!

मात्र हवेतून सगळंच येतं. दगडफुलाला मुळं नाहीत, त्यामुळे पावसात आणि धुक्यात जे विरघळलेलं असेल ते त्याच्या अंगात शिरतं. निवड करायची सोय नाही. न्यूलांडरनी १८६६ मध्येच लिहून ठेवलं होतं की पॅरिस शहरातून दगडफुलं नाहीशी होत आहेत आणि लक्झेम्बर्ग बागेत मात्र ती तग धरून आहेत. तेव्हा कोळशाचा धूर होता. आता गुरांच्या गोठ्यांतला अमोनिया आणि गाड्यांचा धूर नायट्रोजन होऊन माळावर बरसतो, आणि निकसपणावर जगणाऱ्यांना तो फुकटचा खुराक बाधतो. नायट्रोजन वाढला की हेदरमध्ये गवत शिरतं, गवताने काठ झाकले की कण संपले. ब्रिटनच्या सखल भागातले हेदरचे माळ १८०० सालापासून चार-पंचमांशाहून जास्त गेले: नांगराखाली, लागवडीच्या पाइनखाली, घरांखाली. डोंगरी स्कॉटलंडची अवस्था बरी आहे, पण इथेही शिकारीच्या ग्राउस पक्ष्यांसाठी हेदर जाळतात, आणि आग जरा खोल गेली की वरच्या पीटसकट सगळं जातं. जाळूच नये असं मी म्हणत नाही. हे माळ माणसाच्या कुऱ्हाडीने, गुरांनी आणि आगीनेच हजारो वर्षं मोकळे राहिले, नाही तर बर्चने ते केव्हाच गिळले असते. डिनेटला तेच चालू आहे, बर्च दरवर्षी पुढे सरकतो. माझं म्हणणं एवढंच की कुठला तुकडा जाळायचा आणि कुठला काठ सारखा करायचा हे ठरवताना कोणीतरी गुडघ्यावर बसून आधी पाहावं. पायवाटेच्या डागडुजीत तुटके काठ उतरते करून त्यांवर गवताचं बी पेरतात, ते दिसायला नीटनेटकं होतं आणि एका दुपारीत काठावरचा हा सगळा संसार पुसला जातो. आमच्या चालणाऱ्यांच्या गटातून मी हे सांगत राहते, आणि ऐकणारे आता वाढले आहेत.

हडसोनियाना पाहायची तर जरा वर, जास्त ओल्या आणि गार पीटवर जावं लागतं. त्याहून वर, वारा झाडाला उभंच राहू देत नाही तिथे लायकेनोम्फालिया अल्पिना, लिंबाच्या सालीचा झगझगीत पिवळा रंग, करड्या डोंगरावर वीस पावलांवरूनही डोळ्यात भरते. ती सुंदर आहे, लोक तिच्यासाठी डोंगर चढतात. तरी माझा जीव खालच्या फिकट बहिणीतच अडकलेला आहे.

टोप्या वसंतापासून शरदापर्यंत येत राहतात आणि थंडीत जातात. कण तिथेच असतात, म्हणून जानेवारीतही ही जात शोधता येते. साधं शैवाल बोटाला बुळबुळीत लागतं आणि पसरतं. हे कण पसरत नाहीत, ओलेपणीही दाणेदार लागतात. मॉसच्या कोवळ्या अंकुरांशी गल्लत होऊ शकते, पण त्यांना भिंगाखाली बारीक हिरवे धागे दिसतात आणि इथे गोल दाणे. उजेड तिरका हवा, दुपारी दोनच्या आत, कारण साडेतीनला अंधारतं. हातमोजा काढून बसावं, भिंग आधी डोळ्याला अगदी टेकवावं आणि मग डोकं खाली नेत पीटपासून दोन बोटांवर थांबावं.